उघडिपीनंतरचं आकाश

महाराष्ट्रात आकाश पाहणाऱ्याचं वर्ष जानेवारीत सुरू होत नाही आणि गुढीपाडव्यालाही नाही. परतीचा पाऊस एकदाचा आटोपतो, हस्ताच्या गडगडाटानं धुऊन निघालेली हवा स्थिरावते, एका संध्याकाळी पश्चिमेला ढगांचं नावही उरत नाही, तेव्हा ते सुरू होतं. साधारण कोजागरीच्या आगेमागे. तिथून मे संपेपर्यंत आकाश आपलं. मग मृग लागतो आणि पुढचे चार महिने वर बघायचं ते छत्री घ्यायची की नाही एवढं ठरवायला. म्हणून या पुस्तकातले नकाशे कार्तिकापासून सुरू होतात आणि ज्येष्ठाच्या तोंडाशी थांबतात. आषाढ ते भाद्रपद या तीन महिन्यांना मिळून एकच छोटं प्रकरण आहे. उघडीप मिळालीच तर ते वाचावं, नाही तर सरळ पुढे जावं.

हा क्रम काहींना विचित्र वाटेल. आपल्या हाती येणारी बहुतेक पुस्तकं, आणि हल्ली फोनवर येऊन पडणारा मजकूर, उत्तरेकडच्या थंड देशांचं आकाश गृहीत धरून लिहिलेला असतो. त्यात सगळ्यात लाडका उल्कावर्षाव ऑगस्टचा. १२-१३ तारखेच्या रात्री अंगणात खुर्ची टाकून बसा, असा सल्ला असतो. तिकडे ती सुट्टीतली उबदार रात्र. इकडे पन्हाळी वाहत असतात. आपला उल्कावर्षाव डिसेंबरचा, मिथुन राशीच्या दिशेनं येणारा, १३-१४ तारखेच्या रात्री भरात असणारा. संख्येनं तो ऑगस्टच्या वर्षावाला हार जात नाही, उलट काकणभर सरसच. पण तिकडे तेव्हा थंडी हाडं गोठवते, त्यामुळे त्यांच्या पुस्तकांत त्याचं कौतुक हात राखून केलेलं. आपलं कानटोपी आणि सतरंजीवर भागतं. बहुतेक उल्कावर्षाव धूमकेतूंनी मागे टाकलेल्या धुळीतून होतात. हा मात्र फेथॉन नावाच्या, १९८३ साली सापडलेल्या लघुग्रहाच्या कचऱ्यातून होतो.

सप्तर्षींचंही तसंच. लंडनमध्ये सप्तर्षी मावळत नाहीत, म्हणून तिथल्या पुस्तकात ध्रुव शोधायचा पहिला धडा त्यांच्यावरून. ध्रुवाची उंची म्हणजे जवळजवळ त्या गावाचा अक्षांश. पुण्यात तो जेमतेम साडेअठरा अंशांवर. साहजिकच ध्रुवाभोवती फिरताना सप्तर्षी आपल्याकडे क्षितिजाखाली बुडी मारतात आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या संध्याकाळी, म्हणजे नेमका आपला हंगाम उघडतो तेव्हा, ते दिसतच नाहीत. नवशिका उत्साहानं गच्चीवर जातो, सप्तर्षी सापडत नाहीत, आणि पहिल्याच रात्री त्याचं मन विटतं. त्या दिवसांत शर्मिष्ठा शोधावी. इंग्रजी एम अक्षरासारखी मांडलेली ही पाच ताऱ्यांची आकृती तेव्हा उत्तरेला चढत असते, आणि ध्रुवाची जागा तिच्यावरूनही बिनचूक सापडते.

उत्तरेला जे उणं पडतं त्याची भरपाई दक्षिणेला होते. फेब्रुवारीच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात रात्री नऊच्या सुमारास पुण्याजवळच्या एखाद्या उघड्या टेकडीवर दक्षिणेकडे तोंड करून उभं राहा. हात सरळ लांबवून मूठ वळली की ती आकाशाचे साधारण दहा अंश झाकते. हे आपलं माप. समोर उंचावर झगझगणारा पांढरा तारा तो व्याध. त्याच्यापासून सरळ खाली साडेतीन मुठी उतरलं की अगस्त्य, रात्रीच्या आकाशातला दुसऱ्या क्रमांकाचा तेजस्वी तारा. क्षितिजापासून त्याची उंची मोजा: दोन मुठींना थोडी कमी. आता जागच्या जागी मागे वळून ध्रुवाची उंची मोजा. तीही दोन मुठींना थोडी कमी. अगस्त्य त्या वेळी त्याच्या सर्वोच्च जागी असतो आणि पुण्याच्या अक्षांशावर ती उंची ध्रुवाच्या उंचीशी जवळजवळ तंतोतंत जुळते. योगायोग, दुसरं काही नाही. नागपूरला ध्रुव वर चढतो आणि अगस्त्य उतरतो, पणजीला उलट. लंडनला अगस्त्य उगवतच नाही. मे महिन्यात रात्री साडेनऊच्या सुमारास त्याहूनही खाली, दक्षिण क्षितिजाच्या दहा-अकरा अंश वर, त्रिशंकू उभा राहतो आणि त्याच्या डाव्या हाताला मित्र आणि मित्रक. त्यातला मित्र म्हणजे सूर्याचा सगळ्यात जवळचा ताऱ्यांचा शेजार, सव्वाचार-साडेचार प्रकाशवर्षांवरचा. मे महिन्यातली धूळ मध्ये आली नाही तर सह्याद्रीतल्या कुठल्याही उंच गडावरून हे तिन्ही स्वच्छ दिसतात. युरोपातल्या हौशी माणसाला यासाठी विमानाचं तिकीट काढावं लागतं.

नकाशा विकत घेण्याआधी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघा, असं मी नवख्यांना सांगतो, कारण महिन्याचं नाव हाच अर्धा नकाशा आहे. ज्या नक्षत्राजवळ पौर्णिमेचा चंद्र असतो त्याचं नाव महिन्याला. हनुमान जयंतीच्या चंद्राशेजारी चित्रा, त्रिपुरीच्या चंद्राशेजारी कृत्तिकांचा पुंजका, दत्तजयंतीला मृगाचा परिसर. अधिक मासामुळे कधी एखादं नक्षत्र मागेपुढे होतं, पण फार नाही. पौर्णिमेचा चंद्र सूर्य मावळताना उगवतो, म्हणजे त्या महिन्याचं नक्षत्रही तेव्हाच उगवतं आणि रात्रभर डोक्यावरून जातं. मार्गशीर्षातली पौर्णिमा तर मुद्दाम जागून पाहावी: सूर्य तेव्हा दक्षिणेला कललेला असतो, म्हणून चंद्र उत्तरेकडून जातो आणि मध्यरात्रीच्या सुमारास आपल्या जवळजवळ डोक्यावर येतो. चांदण्यात आपली सावली पायाशी गोळा झालेली दिसते.

पौर्णिमेला तारे मात्र पाहू नयेत. कोजागरीला सगळा गाव मसाला दूध घेऊन गच्चीवर येतो आणि नेमक्या त्याच रात्री महिन्यातले सगळ्यात कमी तारे दिसतात. त्यानंतरची अमावास्या खरी. पण ती लक्ष्मीपूजनाची, आणि शहरात तरी ती आपण धुरात घालवतो. राहता राहिली कार्तिक अमावास्या. आमचा हंगाम खऱ्या अर्थानं तिथे उघडतो.

शेतकऱ्याची नक्षत्रं याहून वेगळी आणि यावर दरवर्षी कुठे ना कुठे गोंधळ होतो. ‘मृग लागला’ म्हणजे सूर्य मृगात आला, ७-८ जूनच्या सुमारास. सत्तावीस नक्षत्रांत सूर्य वर्षभर फिरतो, म्हणून एकेकाच्या वाट्याला तेरा-चौदा दिवस: मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य, असं करत हस्तापर्यंत. आणि सूर्य ज्या नक्षत्रात, ते नक्षत्र दिवसा वर असतं, दिसणार कुठून? म्हणजे मृगाचा पाऊस पडतो तेव्हा मृग दिसत नाही, आणि डिसेंबर-जानेवारीत मृग रात्रभर दिमाखात असतो तेव्हा पावसाचा थेंब नसतो. पेरणीचं गणित ज्या नक्षत्रावर, ते बघायला मिळतं रब्बीच्या राखणीला. मचाणावर रात्र काढणाऱ्या माणसाला पूर्वी हे सांगावं लागत नसे.

या मृगावरून लोकमान्य टिळकांनी १८९३ साली ‘ओरायन’ लिहिलं. वसंतसंपात एके काळी मृगात होता, असे उल्लेख वैदिक वाङ्मयात सापडतात असं दाखवून त्यांनी वेदांचा काळ इसवी सनापूर्वी चार हजारांच्या आसपास नेला. तो काळ आज फार थोडे अभ्यासक मानतात, आणि माझंही मत त्यांच्याच बाजूनं. पण युक्तिवादाचा पाया, म्हणजे संपात मागे सरकतो हे, अगदी पक्कं आहे. पृथ्वीचा आस सुमारे सव्वीस हजार वर्षांत एक घिरटी पुरी करतो, म्हणजे सुमारे बहात्तर वर्षांत एक अंश. म्हणून उत्तरायण डिसेंबरच्या २१-२२ तारखेला सुरू होऊनही आपण तिळगूळ वाटतो तो १४ जानेवारीला. टिळकांच्या पुस्तकानंतर तीनच वर्षांनी, १८९६ साली, शंकर बाळकृष्ण दीक्षितांचा ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा ग्रंथ आला. नक्षत्र, पंचांग, संपात यांचा इतका साक्षेपी इतिहास पुढेही क्वचितच झाला, आणि तो मराठीत आहे याचा अभिमान बाळगण्यापेक्षा तो वाचलेला बरा.

एकाच आकाशात दोन गावांची चित्रं निराळी असतात. व्याधानं मृगाच्या पोटात मारलेला बाण, म्हणजे ते मधले तीन तारे, ही आपली पुराणातली गोष्ट. विदर्भातल्या गोंडांना त्याच जागी नांगर दिसतो. सप्तर्षींचा चौकोन त्यांच्यालेखी खाट, आणि शेपटीचे तीन तारे ती पळवून नेणारे चोर. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले मयंक वाहिया आणि त्यांचे सहकारी गणेश हलकारे यांनी ही माहिती गावोगाव हिंडून टिपून ठेवली, हे बरं झालं. ग्रीक लोकांच्या अँड्रोमेडाला आपण देवयानी केलं, शेजारी शर्मिष्ठा, वृषपर्वा आणि ययाती बसवले आणि एक अख्खं कुटुंब दुसऱ्यानं बदललं. खांडेकर वाचलेल्या पिढीला ती नावं पाठ करावी लागत नाहीत. देवयानीतला तो फिकट धुरकट ठिपका काळोख्या जागेवरून नुसत्या डोळ्यांनी दिसतो. त्याचा प्रकाश निघाला तो सुमारे पंचवीस लाख वर्षांपूर्वी.

आता ग्रह. इथे पावसाळ्याचा हिशेब सगळ्यात कडक लागतो.

बाहेरचा ग्रह सूर्याच्या बरोबर समोर येतो, संध्याकाळी उगवून पहाटे मावळतो, त्याला प्रतियुती म्हणतात. तेव्हा तो जवळ असतो, मोठा आणि तेजस्वी दिसतो. शनीची प्रतियुती दरवर्षी सुमारे दोन आठवड्यांनी पुढे सरकते. २०१६ ते २०२४ अशी सलग नऊ वर्षं ती जून ते सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंतच्या काळात पडली, म्हणजे शनी उत्तम स्थितीत असताना महाराष्ट्रात ढग. साडेसातीपेक्षा हे प्रकरण लांबलं. (साडेसातीचं गणित, फलित सोडलं तर, सरळ आहे: शनी एका राशीत साधारण अडीच वर्षं, अशा तीन राशी.) आता तो पावसाळ्यातून बाहेर आला आहे. २०२६ ची प्रतियुती ४ ऑक्टोबरची, २०२७ ची १८ ऑक्टोबरची, आणि पुढची काही वर्षं ती आपल्या स्वच्छ महिन्यांतच राहणार. २०२५ च्या मार्चमध्ये त्याची कडी आपल्याला काठावरून दिसत होती, म्हणजे दिसतच नव्हती म्हणा ना. ती आता दरवर्षी जास्त उघडत जातील. दुर्बीण घ्यायचा विचार असणाऱ्यांनी हीच वेळ साधावी.

मंगळ याहून खट्याळ. त्याची प्रतियुती साधारण सव्वीस महिन्यांनी येते, पण सगळ्या प्रतियुती सारख्या नसतात. मंगळाची कक्षा बरीच लंबगोल आहे आणि सूर्याला तो सर्वांत जवळ असतो त्या बाजूला पृथ्वी पोचते ऑगस्टच्या अखेरीस. त्यामुळे मंगळ सर्वांत जवळ येतो तो नेहमी जुलै ते सप्टेंबरच्या दरम्यान. २७ ऑगस्ट २००३ ला तो साडेपाच कोटी किलोमीटरांवर होता, हजारो वर्षांतला सगळ्यात जवळ. २७ जुलै २०१८ ला पुन्हा जवळ, आणि त्याच रात्री खग्रास चंद्रग्रहण. पुढचा असा योग सप्टेंबर २०३५ चा. तिन्ही पावसाळ्यात. दर ऑगस्टला ‘मंगळ चंद्राएवढा दिसणार’ असा निरोप व्हॉट्सॲपवर फिरतो, त्याचं मूळ २००३ मध्येच आहे. आणि ढगांमुळे आपल्याकडे तो कुणाला पडताळून पाहता येत नाही, म्हणून बहुधा तो इतका टिकला. आपल्या हिवाळ्यात येणारा मंगळ दूरचा, दहा कोटी किलोमीटरांवरचा, लहान. पण डोक्यावर आणि स्वच्छ हवेत. सूर्यबिंबावरून शुक्र सरकत जातो त्या अधिक्रमणानंही आपल्याला हाच न्याय लावला: २००४ साली ८ जूनला आणि २०१२ साली ६ जूनला, दोन्ही वेळा मृगाच्या तोंडावर. पुढचं डिसेंबर २११७ ला आहे. हवा उत्तम असेल, पाहणारे आपण नसू.

ज्यांनी कधी दुर्बिणीला डोळा लावला नाही अशा घरांतही दोन ग्रहांची हालचाल माहीत असते, कारण लग्नाची तारीख काढताना गुरुजी ‘अस्त आहे’ म्हणतात. अस्त म्हणजे ग्रह सूर्याच्या इतक्या जवळ आला की त्याच्या उजेडात दिसेनासा झाला. गुरूचा अस्त दर तेरा महिन्यांनी, महिनाभराचा. शुक्राचे दोन: सूर्याच्या पलीकडून जाताना दोनेक महिने, अलीकडून जाताना आठवडा-दहा दिवस. मुहूर्त मानायचा की नाही हे ज्याचं त्यानं ठरवावं, पण पंचांगातली ती ओळ खरी आहे आणि तिचा पडताळा घेता येतो. शुक्राचा उदय लिहिलेल्या तारखेनंतर तीन-चार दिवस क्षितिज न्याहाळावं. आठ वर्षांनी शुक्र जवळजवळ त्याच तारखांना त्याच जागी परत येतो, हेही मग ध्यानात येतं.

गुरूला राशिचक्र फिरायला सुमारे बारा वर्षं लागतात. तो सिंहेत आला की नाशिक-त्र्यंबकेश्वरला सिंहस्थ, कन्येत गेला की कृष्णाकाठी वाईला, नरसोबाच्या वाडीला कन्यागत. गोदावरीत उतरणाऱ्या लाखोंपैकी कितीजण वर बघून गुरू ओळखतात कोण जाणे. २०२७ च्या सिंहस्थाच्या निमित्तानं ते करायला मात्र छान संधी आहे. २० फेब्रुवारी २०२७, माघ पौर्णिमा. महिन्याच्या नावाप्रमाणे चंद्र मघेजवळ; आदल्याच दिवशी प्रतियुतीत आलेला मंगळही मघेजवळ; आणि दहा दिवसांपूर्वी प्रतियुती झालेला गुरू तिथून मूठभर पश्चिमेला. संध्याकाळी पूर्वेला हे सगळं एकदम वर येईल. चंद्राच्या उजेडाची यात अडचण नाही, कारण ग्रहांना तो पुसून टाकू शकत नाही.

ग्रहणांचा इतिहासही याच ऋतुचक्रात अडकलेला. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात जमखंडीला गेलेल्या जॉन हर्शल यांना ढगांनी छळलं. २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला मात्र हवा आमच्या बाजूची. त्या वेळी पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे कावसजी दादाभाई नायगमवाला जेऊरला वेध घेत होते आणि इंग्लंडहून आलेले नॉर्मन लॉकयर विजयदुर्गावर. किल्ल्यातले ‘साहेबाचे ओटे’ त्याच वेळचे. हेलियमचा शोध लॉकयर यांनी १८६८ साली विजयदुर्गावरून लावला असं सर्रास सांगितलं जातं. त्या साली त्यांनी सूर्याचा वर्णपट पाहिला तो इंग्लंडमधून. ओट्यांचं मोल त्यानं कमी होत नाही. पुढे ११ ऑगस्ट १९९९ आणि २२ जुलै २००९ ही दोन्ही ग्रहणं पुन्हा पावसात गेली, आणि पश्चिम भारतात खग्रासपट्ट्यात जाऊन थांबलेल्या अनेकांनी भर दिवसा अंधारलेले ढग तेवढे पाहिले.

शहरात राहणाऱ्यानं काय करावं, हा प्रश्न हमखास येतो. ग्रहांपासून सुरुवात करावी. चंद्र, शुक्र, गुरू, शनी हे मुंबईच्या झगमगाटातूनही दिसतात. आकाशगंगेसाठी मात्र गाव सोडावंच लागतं. खगोल मंडळाची मंडळी वर्षानुवर्षं मुंबईहून कर्जतच्या लोकलनं वांगणीला रात्र काढायला जातात. पुण्यात १९४४ पासून ज्योतिर्विद्या परिसंस्था हे काम करते आहे. २०२४ साली पेंच व्याघ्र प्रकल्पाला देशातलं पहिलं ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली, आसपासच्या गावांतले दिवे खाली वळवून. आकाशगंगेचा दाट भाग, वृश्चिक आणि धनू यांच्यामधला, खरं तर जून-जुलैत रात्रभर वर असतो. आपण तो मार्चमध्ये पहाटे चारला किंवा एप्रिल-मेमध्ये मध्यरात्रीनंतर पाहावा. झोपेची किंमत मोजावी लागते, इलाज नाही.

पहिल्याच महिन्यात दुर्बीण घेऊ नये. दहा बाय पन्नासची द्विनेत्री पुरे. तिच्यातून गुरूचे चार चंद्र, कृत्तिका, मृगाच्या तलवारीतला तेजोमेघ, सगळं दिसतं. फोन खिशात ठेवावा. अंधाराला डोळे सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि पडद्याच्या एका झगमगाटात ती वाया जातात. नकाशा वाचायचाच तर विजेरीच्या तोंडाला लाल जिलेटीन कागद लावावा, रबरबँडनं. डिसेंबरात पहाटे भिंगांवर दव साचतं. रुमालानं पुसू नये, ओरखडे उठतात.

नकाशे साडेअठरा अंश उत्तर अक्षांशासाठी, महिन्याच्या पंधरा तारखेच्या रात्री नऊसाठी काढले आहेत. तारे रोज चार मिनिटं लवकर उगवतात, म्हणून तोच नकाशा एक तारखेला रात्री दहाला आणि महिनाअखेरीस आठला लागू पडतो. घड्याळ एकच असलं तरी नागपूरला तारे मुंबईच्या पंचवीसेक मिनिटं आधी उगवतात, हे विदर्भातल्या वाचकांनी धरून चालावं. न्यू जर्सीतल्या मराठी घरांना अगस्त्याचं पान निरुपयोगी; तो तिथे क्षितिजावर येत नाही. मेलबर्नमधल्यांनी ध्रुवाची पानं वगळावीत, आणि मृगासाठी नकाशा उलटा धरून उत्तरेकडे तोंड करावं: मृगाचं डोकं खाली येईल आणि व्याध त्याच्या वर, उजव्या हाताला.